यंत्राची धारणा आणि देवनागरी : गिरगावच्या खिळ्यांपासून सर्व्हरच्या स्मृतिमर्यादेपर्यंत

देवनागरी लिपी यंत्राला जड जाते, ही तक्रार आपल्याकडे जवळजवळ दोनशे वर्षे ऐकू येत आहे. छापखान्यांच्या आरंभीच्या काळी तिचा रोख खिळ्यांच्या पेटीवर होता. टंकलेखन यंत्र आल्यावर तो कळांच्या संख्येवर गेला. आणि अलीकडे संकेतस्थळे चालविणाऱ्या सर्व्हरच्या मेमरीविषयी बोलताना तीच तक्रार नव्या शब्दांत पुढे येते. मराठी मजकूर रोमन मजकुराच्या तिप्पट जागा खातो, म्हणून मराठी संकेतस्थळाला मोठा सर्व्हर लागतो, असे जाणते लोकही निःशंकपणे सांगतात. या विधानाचा पूर्वार्ध बहुतांशी खरा आहे. उत्तरार्ध मात्र पूर्वार्धातून निष्पन्न होत नाही, आणि तो तसा होतो असे समजल्यामुळे आपल्या लहान लहान ग्रंथालयांचा व संस्थांचा पैसा भलत्या ठिकाणी खर्च होतो. यंत्राची धारणशक्ती आणि लिपीचा विस्तार यांचा मेळ मुंबईत वेळोवेळी कसा घातला गेला, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचा उलगडा होणार नाही. म्हणून प्रस्तुत लेखात थोडे मागे जाण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी.

प्रथम मोजमापाविषयी दोन शब्द. 'लक्ष्मी' या शब्दात अक्षरे किती? शाळेतील मूल दोन सांगेल आणि ते बरोबर आहे. व्याकरणकार वर्ण मोजील, तर ल्, अ, क्, ष्, म्, ई असे सहा सांगेल. हाताने खिळे जुळविणारा जुळारी आपल्या पेटीत अर्ध्या 'क्ष'चा खिळा आहे की नाही हे पाहून तीन किंवा चार म्हणेल. आजचा संगणक ल, क, पायमोडीचे चिन्ह, ष, पुन्हा पायमोडीचे चिन्ह, म आणि दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हे मोजतो व ती एकवीस बाइटांत साठवितो. एकाच शब्दाची ही चार मापे आहेत. यांपैकी कोणतेही खोटे नाही. परंतु यंत्राची मर्यादा ज्या मापात सांगितलेली असते ते माप कोणी व कोणत्या लिपीकडे पाहून ठरविले, यावर मर्यादेचा जाच अवलंबून असतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटतो तो याच कारणाने.

मुंबईत मराठी मुद्रणाची सुरुवात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात १८१७ च्या सुमारास झाली. त्यानंतर एतद्देशीयांनी हा धंदा हाती घेतला, तेव्हा त्यांनी आधी खिळ्यांचा नव्हे तर शिळेचा मार्ग धरला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात लेखकाने कागदावर जे रेखाटले त्याचीच प्रतिकृती उठते. तेथे जोडाक्षरे किती, काने-मात्रा किती, याला बंधन नाही. यंत्राला लिपी ठाऊकच नसते, त्याला केवळ चित्र ठाऊक असते. पण या सोयीचे मोल द्यावे लागते. चित्रातील एक अक्षर उचलून दुसऱ्या पानावर ठेवता येत नाही, चूक सुधारायची तर शिळेवर खरडावे लागते, आणि तोच मजकूर पुन्हा लागला तर पुन्हा लिहावा लागतो. खिळ्यांचे गुणदोष याच्या नेमके उलट आहेत. तेथे प्रत्येक चिन्ह सुटे, पुन्हा पुन्हा वापरता येणारे आणि मोजता येणारे असते. मात्र त्यासाठी लिपीचे तुकडे कोठे करायचे हे आधी ठरवावे लागते. शिळा आणि खिळा यांतील हा भेद वाचकांनी ध्यानी ठेवावा. पुढे सर्व्हरच्या मेमरीचा हिशेब करताना तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

खिळ्यांच्या बाजूने मुंबईत जे काम झाले त्यात जावजी दादाजी (१८३९-१८९२) यांचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली बालपणीच उमेदवारी केलेल्या या गृहस्थांनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप ओतण्याची शाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतील या छापखान्याचे सुबक खिळे पुढे देशभर गेले. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी पंच-कारागीर त्यांना लाभला होता, हे त्या सुबकतेचे एक प्रमुख कारण होय. परंतु सौंदर्याइतकाच दुसरा प्रश्न संख्येचा होता. रोमन लिपीची पेटी दीडएकशे खिळ्यांत भागते. देवनागरीचे प्रत्येक व्यंजन प्रत्येक स्वरचिन्हासह आणि प्रत्येक जोडाक्षर स्वतंत्र ओतू म्हटले, तर संख्या काही शेकड्यांच्या पलीकडे जाते आणि जुळाऱ्याचा हात पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचेनासा होतो.

यावर दोन तोडगे निघाले. एकात अक्षर आणि त्याची मात्रा एकाच खिळ्यावर राही. छापखान्यांच्या भाषेत हे 'अखंड' खिळे. दुसऱ्यात मात्रा, वेलांटी, उकार, रफार हे सुटे राहत आणि जुळारी ते अक्षराच्या माथ्याशी वा पायाशी बसवी. हे 'डिग्री'चे खिळे. पहिल्या पद्धतीत पेटी मोठी, पण जुळणी सोपी व टिकाऊ. दुसरीत पेटी लहान, पण बाहेर झुकलेल्या मात्रा छापताना मोडत आणि जुळणीला वेळ अधिक लागे. म्हणजे साठवणीत केलेली काटकसर श्रमात भरून द्यावी लागे. साठवण आणि श्रम यांची ही देवाणघेवाण कोणत्याही यंत्राच्या रचनेत टळत नाही. गिरगावातल्या जुळाऱ्याला ती शास्त्ररूपाने सांगता आली नसती, पण महिनाअखेरच्या मजुरीच्या हिशेबात ती त्याला पुरेपूर समजत असे.

यांत्रिक जुळणी आल्यावर मर्यादा अधिक कडक झाली. हाताच्या पेटीत दहा घरे वाढविणे हे सुताराचे काम होते. यंत्रात ते शक्य नव्हते. लायनोटाइपच्या मुख्य मॅगझिनमध्ये मातृकांसाठी नव्वद वाटा, मोनोटाइपच्या मूळ मातृकापेटीत पंधरा गुणिले पंधरा म्हणजे २२५ घरे, आणि टंकलेखन यंत्रावर नव्वदीच्या आसपास चिन्हे, हे आकडे इंग्रजी मजकुराची गरज पाहून ठरले होते. आता वाकायचे कोणी, लिपीने की यंत्राने, हा प्रश्न उभा राहिला. लोकमान्य टिळकांनी टाइपांची संख्या घटविण्याच्या कामी लक्ष घातले होते. सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवून 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणण्यापर्यंत मजल नेली. दीर्घ वेलांटीपेक्षा तिचा दंड किंचित आखूड, एवढाच काय तो फरक राहणार होता. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना हा बदल रुचला नाही आणि चारच वर्षांत तो मागे घेण्यात आला. आमच्या मते हे योग्यच झाले. यंत्राची सोय हा लिपी बदलण्याचा हेतू असेल, तर यंत्र बदलताच तो हेतू उरत नाही. पण बदललेली लिपी आणि तीत छापलेले ग्रंथ मात्र मागे राहतात.

(जाता जाता एक नोंद. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. 'गांव'चे 'गाव' झाले आणि 'नांव'चे 'नाव'. त्यामागचा विचार उच्चारानुसारी लेखनाचा होता, काटकसरीचा नव्हे. तथापि छापखान्यांच्या पेट्या त्याने किती हलक्या झाल्या असतील, याचा अंदाज जुनी पुस्तके चाळणाऱ्या कोणालाही करता येईल.)

टंकलेखन यंत्राने मात्र लिपी न बदलता मार्ग काढला, आणि तो भाषिक दृष्टीने चतुर होता. देवनागरीच्या पुष्कळ व्यंजनांना उजवीकडे दंड आहे. तो काढला की अर्धे अक्षर राहते, आणि काना दिला की तेच पूर्ण होते. तेव्हा कळेवर अर्धे अक्षर ठेवावे, पूर्ण हवे असेल तेथे कान्याची कळ दाबावी, या युक्तीने एका कळेत दोन अक्षरांचे काम भागले. मुंबईच्या संदर्भात येथे गोदरेज कारखान्याचा उल्लेख केला पाहिजे. १८९७ मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये कुलपे करण्यापासून आरंभ केलेल्या या कारखान्याने १९५५ मध्ये देशी बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र काढले, पुढे भारतीय भाषांची यंत्रेही तयार केली, आणि हे उत्पादन २००९ मध्ये थांबविले. परळ-दादरच्या टंकलेखन वर्गांत इंग्रजीबरोबर 'मराठी तीस'ची परीक्षा देणाऱ्या दोन-तीन पिढ्यांच्या बोटांना ही अर्ध्या अक्षरांची मांडणी इतकी सवयीची झाली, की संगणक आल्यावरही अनेकांनी तोच कळफलक मागून घेतला.

संगणकाच्या स्मृतीचा आपल्या शहराशी संबंध याच सुमारास जुळला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले पूर्ण आकाराचे यंत्र १९६० मध्ये चालू झाले आणि १९६२ मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्याची फेराइट-कड्यांची स्मृती २,०४८ शब्दांची व प्रत्येक शब्द चाळीस बिटांचा होता. आजच्या मापाने ही स्मृती १०,२४० बाइटांची झाली. तीत सध्याच्या पद्धतीने मराठी मजकूर भरला असता तर सुमारे ३,४०० चिन्हे मावली असती, म्हणजे या नियतकालिकाची जेमतेम दोन पाने. अर्थात ते यंत्र गणितासाठी होते आणि त्यात मराठी भरण्याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. पण अवघ्या साठ-पासष्ट वर्षांत मर्यादेचा अंक कोठून कोठे गेला, हे कळण्यास हा आकडा उपयोगी आहे.

लिपी संगणकात आली ती दोन वाटांनी. एक वाट शास्त्रीय संकेतावलीची. इस्की ही भारतीय मानक संकेतावली १९९१ मध्ये निश्चित झाली, आणि तीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला एकच बाइट पुरे. वेलांटी आधी दिसत असली तरी साठवायची उच्चाराच्या क्रमाने, आणि जोडाक्षर साठवायचे ते घटक व्यंजनांत विभागून, हे तिचे तत्त्व. जोडाक्षरे घडविण्याचे काम साठवणीकडून काढून दाखविणाऱ्या यंत्रणेकडे गेले; डिग्रीच्या खिळ्यांचेच हे अधिक सुसंगत रूप म्हणता येईल. दुसरी वाट व्यवहाराची. प्रकाशनसंस्था व वृत्तपत्रे श्री-लिपी, आकृती यांसारख्या फॉन्टप्रणाली वापरीत. त्यांत २५६ घरांच्या कोष्टकात अक्षरांचे तुकडे आपापल्या सोयीने मांडलेले असत. ही खिळ्यांची पेटीच होती, आणि प्रत्येक उत्पादकाची पेटी वेगळी. एका पेटीतला मजकूर दुसऱ्या पेटीत नेला की त्याचा निरर्थक चिन्हसमूह होई. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरच्या काही वर्षांतील मराठी संकेतस्थळांवरचा पुष्कळसा मजकूर या कारणाने आज वाचता येत नाही. त्या काळी बाइट वाचले, मजकूर गेला.

युनिकोडने इस्कीची रचना उचलली आणि देवनागरीला १२८ घरांचा एक पाडा दिला. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी घडविलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघर पोचला आणि मराठीत थेट लिहिणे शक्य झाले. 'ॲ' या मराठीच्या खास अक्षराला मात्र २००८ पर्यंत थांबावे लागले. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद दाखविणारा अर्धा र आजही दोन प्रकारांनी साठविला जातो. एका प्रकाराने 'दऱ्या' पाच चिन्हांचा, दुसऱ्याने सहा चिन्हांचा. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि शोध घेताना एक सापडतो तर दुसरा निसटतो.

आता त्या तिपटीकडे वळू. युनिकोडची चिन्हे साठविण्याची सर्वत्र रूढ असलेली रीत यूटीएफ-८ ही होय. केन थॉम्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती योजिली. तीत इंग्रजी अक्षरांना एक बाइट लागतो, क्रमांक २०४७ पर्यंतच्या चिन्हांना दोन, त्यापुढे तीन. ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी या लिपी दोन बाइटांत बसल्या. देवनागरीचा पाडा २३०४ पासून सुरू होतो, म्हणजे अडीचशेच्या थोड्या अधिक घरांनी तिची संधी हुकली. यात कोणाचा पक्षपात होता असे नाही. पाड्यांची जागा आधी ठरली होती, आणि ती साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या क्रमाने. परिणाम मात्र असा, की 'लालबाग' या सहा चिन्हांच्या शब्दाला इस्कीत सहा बाइट पुरत, तेथे आता अठरा लागतात. रोमनमध्ये तेच नाव सात अक्षरांचे, म्हणून सात बाइटांचे. तिप्पट हा आकडा चिन्हामागे खरा आहे; शब्दामागे तो काहीसा कमी भरतो, कारण मराठीत मूळचा 'अ' लिहावा लागत नाही. 'परळ' नऊ बाइटांचा आणि त्याचे रोमन रूप पाचांचे, येथे प्रमाण दुपटीहूनही कमी आहे.

ही वाढ कोठे बाधते आणि कोठे बाधत नाही, याचा विवेक बहुधा केला जात नाही. मर्यादा दोन जातींच्या असतात. एक, रचनेतच कोरलेली. दुसरी, चालकाला हवी तशी कमीअधिक करता येणारी. मराठीला खरा जाच होतो तो पहिल्या जातीचा.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण मोबाइलवरच्या लघुसंदेशाचे. त्याची धारणा १४० बाइटांची. तीत रोमन अक्षरे १६० मावतात, देवनागरी चिन्हे ७०. दुसरे उदाहरण संकेतस्थळे चालविण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीचे. तीत प्रत्येक लेखाचा पत्ता त्याच्या शीर्षकावरून तयार होतो आणि त्यासाठी दोनशे चिन्हांची जागा असते. पण पत्त्यात देवनागरी अक्षर सरळ ठेवता येत नाही. त्याचा प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंक अशा रूपाने लिहावा लागतो, म्हणून एका चिन्हाला नऊ जागा लागतात. 'गिरणगावातील लोकनाट्याचा इतिहास' हे शीर्षक घ्या. पहिला शब्द अकरा चिन्हांचा, दुसराही अकरा चिन्हांचा. दोहोंच्या १९८ जागा आणि मधल्या संयोगरेषेची एक मिळून १९९ होतात. 'इतिहास' शब्दाला जागाच उरत नाही आणि पत्ता लोकनाट्यापाशी संपतो. संशोधनपर लेखांची आपली लांबलचक शीर्षके तर निम्म्यावरच तुटतात, आणि एकाच शब्दांनी आरंभ होणाऱ्या दोन लेखांचे पत्ते शेवटच्या अंकाखेरीज सारखेच होतात. येथे सर्व्हरची मेमरी दहापट केली तरी तसूभर फरक पडत नाही.

मराठी विकिपीडियाचे (स्थापना १ मे २००३) उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ज्या प्रणालीवर तो चालतो तीत पानातील साचे उलगडून होणाऱ्या मजकुराला २०,९७,१५२ बाइटांची हद्द आहे. इंग्रजीत ती वीस लाखांहून अधिक अक्षरांची होते, देवनागरीत सात लाख चिन्हांची. लांब याद्या आणि शेकडो संदर्भ असलेली पाने या हद्दीला लागली, की खालचे साचे उलगडेनासे होतात. संपादनाचा सारांश लिहिण्याची जागाही पूर्वी २५५ बाइटांची, म्हणजे ८५ देवनागरी चिन्हांची होती. २०१८ मध्ये ती बाइटांऐवजी चिन्हांत मोजावयाची असे ठरले व पाचशे चिन्हांची झाली. या बदलाचे महत्त्व आकड्यापेक्षा मापात आहे, कारण पाचशे चिन्हे सर्व भाषांना सारखीच मिळाली. पानाच्या शीर्षकाची हद्द मात्र अद्याप २५५ बाइटांचीच आहे.

कोष्टकांच्या भांडाराविषयीही थोडे लिहिले पाहिजे. वर्डप्रेस ज्या मायएसक्यूएल भांडारात मजकूर ठेवते त्यातील जुनी रीत एका चिन्हाला तीनच बाइट देई. देवनागरीला तेवढे पुरत. २०१५ मध्ये चार बाइटांची रीत स्वीकारण्यात आली. तिचा बोलबाला झाला तो भावचिन्हांमुळे, आणि अनेकांनी नाके मुरडली. कारण सूचीची जागा ७६७ बाइटांची असल्याने तीत पूर्वी २५५ चिन्हे येत ती १९१ वर आली. पण मराठीच्या अभ्यासकाने येथे नाक मुरडण्याचे कारण नाही. आपली मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि तिचा पाडा चौथ्या बाइटाच्या प्रदेशात आहे. तीन बाइटांच्या भांडारात मोडीचे एक अक्षर लिहिले, तर ढिल्या नियमांवर चालणाऱ्या यंत्रणेत त्या अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर निमूटपणे गळून जाई. पेशवाईतील एखादा कागद लिप्यंतरासह चढविणाऱ्याला हा अनुभव आला असेल, तर त्याचे कारण हे.

दुसऱ्या जातीची मर्यादा म्हणजे प्रत्यक्ष मेमरी. येथे एका वाचनालयाचे उदाहरण देतो. गिरगावातील या जुन्या वाचनालयाने आपल्या संग्रहातील दिवाळी अंक संकेतस्थळावर आणण्याचे काम काही वर्षांपूर्वी हाती घेतले आणि मराठी मजकुराच्या तपासणीसाठी आम्हांस बोलाविले. पाने चढविताना यंत्रणा मध्येच थांबे आणि १३,४२,१७,७२८ बाइटांची अनुज्ञात मेमरी संपली, असा संदेश येई. हा आकडा म्हणजे १२८ मेगाबाइट. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी सांगितले, की मराठी मजकूर जड असतो, तेव्हा वरच्या दर्जाचा सर्व्हर घ्यावा. वार्षिक भाडे चौपट होणार होते आणि वाचनालयाचे उत्पन्न बहुतांशी वर्गणीचे. कार्यकारी मंडळापुढे अंकांतील लेख टाइप करून घेण्याचे काम बंद ठेवून तो पैसा भाड्याकडे वळविण्याचा ठराव आलाही होता.

हिशेब केला तो असा. ए-फोर आकाराचे पान इंचास सहाशे बिंदू या घनतेने टिपले तर ४,९६० गुणिले ७,०१६, म्हणजे ३,४७,९९,३६० बिंदू होतात. चढविताना फाइल दाबून लहान केलेली असते, म्हणून ती काही मेगाबाइटांचीच दिसते. पण तिच्या लहान प्रती काढण्यासाठी प्रणालीला ती उघडून मेमरीत पसरावी लागते, आणि तेव्हा प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात. एकूण १३,९१,९७,४४०. हे एकच चित्र १२८ मेगाबाइटांच्या हद्दीबाहेर जाते. याउलट त्याच पानावरचा मजकूर, तीनशे शब्द धरले तर, तिप्पट बाइटांच्या दराने सुद्धा साडेपाच ते सहा हजार बाइटांचा भरतो. चित्र मजकुराच्या सुमारे चोवीस हजार पट मोठे निघाले. मराठी जड नव्हती. जड होती ती शिळा. वाचनालय पानांची चित्रे चढवीत होते, म्हणजे १८३१ च्या पंचांगाच्या रीतीने चालले होते, आणि दोष मात्र खिळ्यांच्या माथी मारला जात होता.

ही मर्यादा वाढवावी कशी, याविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. पीएचपी या भाषेत लिहिलेल्या प्रणालींना मिळणारी मेमरी एका विनंतीपुरती असते. ही हद्द पूर्वी आठ मेगाबाइट असे, मग सोळा झाली, आणि पुढे १२८ वर स्थिरावली. वर्डप्रेस वाचकांना दाखविण्याच्या पानांसाठी चाळीस मेगाबाइट मागते, आणि व्यवस्थापनाच्या व चित्रांच्या कामासाठी २५६ पर्यंत. ही मागणी वर्डप्रेसच्या फाइलमध्ये वाढवून लिहिता येते. परंतु सर्व्हरच्या मालकाने वरची हद्द बांधून ठेवली असेल तर ती लिहिलेली मागणी कागदावरच राहते. आणि हद्द मोकळी असली तरी ती सरसकट वाढविणे इष्ट नव्हे. दोन गिगाबाइट मेमरीच्या सर्व्हरवर १२८ ची हद्द असताना सोळा विनंत्या एकाच वेळी कमाल मेमरी घेऊ शकतात, आणि त्यातही भांडाराचा वाटा धरलेला नाही. हद्द ५१२ केली की चारच विनंत्यांत यंत्र भरते. मग यंत्रणा जागा मोकळी करण्यासाठी सर्वांत मोठी प्रक्रिया मारते. ती बहुधा भांडाराचीच असते, आणि संकेतस्थळ सर्वांनाच बंद होते. एका जुळाऱ्याची पेटी चौपट केल्यावर छापखान्यात जुळारी किती बसतील, असाच हा प्रश्न आहे.

वाचनालयाने शेवटी सर्व्हर बदलला नाही. सहाशे बिंदूंच्या मूळ प्रती तबकड्यांवर जतन केल्या. चढविण्यासाठी तीनशे बिंदूंच्या प्रती घरच्या संगणकावर काढल्या; त्या उघडल्यावर एक चतुर्थांश, म्हणजे ३,४७,९९,३६० बाइटांच्या होतात व जुन्या हद्दीत सहज मावतात. दोन अनावश्यक जोडप्रणाली काढून टाकल्या. लेखांचे पत्ते शीर्षकावरून न घेता वर्ष व अनुक्रम यांवरून द्यावेत, असे ठरले. आणि टाइप करण्याचे काम चालू राहिले. जुन्या अंकांतील अनुस्वार मुळाबरहुकूम ठेवावेत की १९६२ च्या नियमांनुसार काढावेत, यावर मंडळात बराच वाद झाला. आम्ही ते ठेवण्याच्या पक्षाचे होतो. एका अनुस्वाराला तीन बाइट पडतात. दोनशे पानांच्या अंकात पानामागे पन्नास अनुस्वार धरले तरी तीस हजार बाइट होतात, म्हणजे एका चित्राच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी.